लांब पल्ल्याच्या ट्रकचा टायर : नक्षी बघून निवडा



चाळीतला कांदा निवडून, गोण्या भरून, शिवून तुम्ही ट्रक दिल्लीकडे रवाना करता. ट्रक नजरेआड झाला की आपले काम संपले, असे वाटते. पण खरी काळजी तिथूनच सुरू होते. वाटेत टायर फुटला आणि भरलेला ट्रक दीड दिवस उन्हापावसात उभा राहिला, तर ताडपत्रीखाली गोण्या तापतात, कांदा घाम धरतो आणि सडायला लागतो. बाजारात पोचेपर्यंत भावही हातचा जातो. घाटात पावसात ट्रक घसरला, तर मालाचेच काय, ड्रायव्हर-क्लीनरच्या जिवाचेही काही सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, टायर बघणे हे मालकाचे काम, आम्हा कास्तकारांना त्याचे काय? पण आज गावोगावी चार भावकीतल्या माणसांनी मिळून ट्रक घेतलेला दिसतो. काही ठिकाणी शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःचा माल स्वतः पाठवतात. आणि ज्यांचा ट्रक भाड्याचा असतो, त्यांचाही माल त्याच टायरांवर जातो. म्हणून या पत्रकात टायरच्या नक्षीविषयी माहिती देत आहोत.

आधी दारातला ट्रॅक्टर बघा

टायरच्या नक्षीचे निम्मे शास्त्र तुमच्या दारातच उभे आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या लहान टायरवर गोल फिरणाऱ्या उभ्या धारा असतात. मागच्या मोठ्या टायरवर तिरपे, उंच, जाड दांडे असतात. असे का?

पुढची चाके ट्रॅक्टर वळवतात. स्टेअरिंग फिरवले की ती बाजूला सरकू नयेत, सांगितलेल्या दिशेने जावीत, म्हणून उभ्या धारा. मागची चाके ट्रॅक्टर ओढतात. भुसभुशीत रानात रुतून जमीन धरावी आणि मागे रेटावी, म्हणून तिरपे दांडे. दोन दांड्यांमधली जागा मोकळी ठेवलेली असते, म्हणजे चिखल भरला तरी चाक फिरताना झडून पडतो.

हाच ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडून रोज डांबरावर पळवला, तर मागच्या टायरचे दांडे किती लवकर झिजतात, हेही तुम्ही पाहिले असेल. रानासाठी केलेला टायर डांबरावर झिजतो, आणि डांबरासाठी केलेला रानात घसरतो. ट्रकच्या टायरलाही हेच लागू आहे.

नक्षीचे काम काय?

पुष्कळांचा समज असा की, नक्षी जितकी खोल आणि राकट तितकी पकड जास्त. हे पुरते खरे नाही. कोरड्या, स्वच्छ डांबरावर रबर जितके जास्त टेकेल तितकी पकड चांगली. तिथे खाचांची फारशी गरज नसते. खाचांची खरी गरज पावसात आणि चिखलात असते.

शेतात पाणी साचू नये म्हणून आपण चर काढतो. टायरवरच्या खाचा म्हणजे असेच चर होत. ओल्या रस्त्यावर चाकाखाली आलेले पाणी या खाचांतून मागे व बाजूला निघून जाते आणि रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजून उथळ झाल्या, की पाण्याला वाट राहत नाही. वेग जास्त असेल तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मग ब्रेक दाबून उपयोग नाही आणि स्टेअरिंग फिरवूनही नाही. माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक हलका असल्याने असा लवकर घसरतो. म्हणून परतीच्या वाटेवरही पावसात वेग आवरावा.

नक्षीचे मुख्य प्रकार

१. उभ्या पट्ट्यांची, म्हणजे रिब नक्षी. टायरच्या घेरासोबत सलग पट्टे आणि त्यांच्यामध्ये खाचा. चाक हलके फिरते, कमी तापते, आवाज कमी करते, स्टेअरिंगचे ऐकते आणि डांबरावर एकसारखे झिजते. मात्र चिखलात खाचा भरून टायर जागच्या जागी फिरतो. बारीक खडीच्या रस्त्यावर खाचेत दगड अडकतात व आत रुतत जातात.

२. आडव्या ठोकळ्यांची, म्हणजे लग नक्षी. खांद्यापासून मध्याकडे येणारे जाड ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद, खोल खाचा. कच्चा रस्ता, खाण, चिखल, चढ अशा ठिकाणी ओढ चांगली. पण रबर जाड असते. जाड भाकरी तव्यावरून उतरवली तरी आतून बराच वेळ गरम राहते, तसेच जाड रबराचे आहे. लांब पल्ल्यावर सतत वेगात पळाले की आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. शिवाय प्रत्येक ठोकळा रस्त्यावर टेकताना दबतो आणि सुटताना घासतो. त्यामुळे ठोकळ्याची एक कड जास्त झिजून टायर करवतीसारखा दातेरी होतो, घूं घूं आवाज करतो आणि डिझेलही जास्त खातो.

३. मिश्र नक्षी. मध्ये उभे पट्टे आणि खांद्यावर ठोकळे. थोडा कच्चा, बराचसा पक्का असा रस्ता असेल तर ही सोयीची.

४. सुट्या चौकोनांची, म्हणजे ब्लॉक नक्षी. ओल्या रस्त्यावर धरते आणि ओढही देते. अनेक रेडियल टायरांत, ओढणाऱ्या एक्सलसाठी ही नक्षी येते. कुठल्याही टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर बाणाप्रमाणेच तो बसवावा.

कोणत्या एक्सलला कोणता टायर?

पुढचा एक्सल : इथे रिबच हवा. ट्रक वळवायचे आणि दिशा धरायचे काम या दोन चाकांवर असते. पुढचा टायर फुटला तर ट्रक एका अंगाला खेचला जातो आणि सावरणे कठीण होते. म्हणून सर्वांत चांगले टायर पुढे घालावेत.

ओढणारा मागचा एक्सल : इथे रस्ता बघून ठरवावे. नेहमी महामार्ग असेल तर ब्लॉक, मिश्र किंवा महामार्गासाठीच केलेली कमी खोल लग नक्षी. वीट, वाळू, खडी किंवा ऊस वाहून कच्च्या रस्त्याने रोजचे जाणे-येणे असेल तर खोल लग.

डमी एक्सल आणि ट्रेलरची चाके : ही चाके ओढत नाहीत, नुसती मागे फिरतात आणि वळणावर बाजूला घासतात. इथे लग घालणे म्हणजे पैसा घासून टाकणे. रिबच घालावा.

एकाच एक्सलवर दोन तऱ्हेची नक्षी, तसेच नायलॉन आणि रेडियल अशी सरमिसळ कधीही करू नये. दोन्ही बाजू सारख्या फिरत नाहीत, आणि ब्रेक मारल्यावर ट्रक एका बाजूला ओढतो.

दोन किलोमीटर चिखल, बाराशे किलोमीटर डांबर

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. उन्हाळी कांदा चाळीतून निघतो तो बहुतेक पावसाळ्यातच. शिवाराचा रस्ता काळ्या मातीचा. ट्रक रुततो, ट्रॅक्टरने ओढावा लागतो, चार शिव्या पडतात. मग मालक ठरवतो, पुढल्या वेळी मागे चांगला खोल लग घालायचा.

त्या दोन किलोमीटरपुरता हा विचार बरोबर वाटतो. पण पुढचा रस्ता मोजा. निफाड-येवल्याकडचा माल चांदवडला मुंबई–आग्रा महामार्गाला लागतो. राहुड घाट उतरून मालेगाव, धुळे, शिरपूर. मग बिजासन घाट चढून सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्ली. साधारण बाराशे किलोमीटर, सगळे डांबर आणि सिमेंट. त्या चिखलासाठी निवडलेला टायर एवढी सगळी वाट तापत, झिजत आणि डिझेल पीत जाणार.

महामार्गावर भरलेला ट्रक जे डिझेल जाळतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा नुसता टायर फिरवण्यातच जातो, असे मानले जाते. आपण साधा हिशेब करू. जाऊन-येऊन २,४०० किलोमीटर, आणि लिटरला ४ किलोमीटर धरले तर ६०० लिटर डिझेल लागते. योग्य नक्षी आणि बरोबर हवा यांमुळे समजा शंभरात दोनच लिटर वाचले, तरी एका खेपेला १२ लिटर झाले. वर्षाच्या खेपांचा गुणाकार तुम्हीच करा. टायर झिजण्यातली बचत यात धरलेलीच नाही.

मग चिखलाचे काय करायचे? ट्रक शिवारात नेऊच नका. पक्क्या रस्त्याच्या कडेला कोरड्या जागी उभा करा आणि गोण्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने तिथपर्यंत आणा. ट्रॅक्टरचा टायर चिखलासाठीच केलेला आहे. दोनदा चढवण्या-उतरवण्याची हमाली पडते, हे कबूल. पण दर खेपेला झिजणाऱ्या टायरशी आणि जास्त जळणाऱ्या डिझेलशी ती हमाली ताडून पाहा. चार घरांनी मिळून वाटेवर मुरूम टाकून घेतला तर आणखी उत्तम.

याउलट, ज्याचा ट्रक वर्षातले आठ महिने वीटभट्टीच्या नाहीतर खाणीच्या वाटेवर असतो, त्याने दिल्लीच्या एका खेपेसाठी रिब घालू नये. वर्षातले जास्त किलोमीटर कुठे पडतात, ते बघून टायर ठरवावा.

नायलॉन की रेडियल?

नायलॉन टायरमध्ये आतले धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात. त्याची भिंत जाड व टणक असते, दगडाचा मार सोसते आणि किंमतही कमी असते. रेडियलमध्ये मुख्य धागे काठापासून काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे नक्षी रस्त्यावर सपाट टेकते, कमी घासते आणि कमी तापते. लांब पल्ल्यासाठी रेडियल घेतला तर पहिला खर्च जास्त, पण किलोमीटरमागे तो बहुधा स्वस्त पडतो.

त्याची भिंत मात्र लवचीक असते. भार पडला की पोट थोडे फुगलेले दिसते, त्याला घाबरू नये. पण कमी हवा आणि जादा माल हे रेडियलला अजिबात सोसत नाही. कच्च्या वाटेवर भिंतीला टोकदार दगड लागणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

टायरच्या अंगावर लिहिलेले वाचा

टायरवरची अक्षरे इंग्रजीत असतात. घरातल्या शाळकरी पोराला बरोबर घ्या आणि वाचून घ्या.

१०.०० आर २० : टायरची रुंदी सुमारे १० इंच, रिमचा व्यास २० इंच. मधले अक्षर ‘आर’ म्हणजे रेडियल. तिथे आडवी रेघ असेल तर तो नायलॉन पद्धतीचा.

१४६/१४३ के : हा भाराचा आकडा. १४६ म्हणजे टायर एकटा असेल तर ३,००० किलो. १४३ म्हणजे जोडीत असेल तर प्रत्येकी २,७२५ किलो. ‘के’ म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी ११० किलोमीटर.

आता बेरीज करा. पुढे दोन टायर, म्हणजे ६,००० किलो. मागे एका एक्सलला चार टायर, म्हणजे १०,९०० किलो. यापेक्षा जास्त भार त्या टायरांनी सोसावा, अशी अपेक्षा करू नये. २०१८ साली केंद्र सरकारने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. पण कायद्याने मर्यादा वाढली म्हणून जुना टायर बळकट होत नाही. तुमच्या टायरवर भाराचा कोणता आकडा आहे तो पाहा, आणि मगच गोण्या मोजा.

चार आकड्यांची तारीख : २३२४ असे असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नवी दिसली तरी फार जुना, भेगा पडलेला टायर घेऊ नये. रबर पडून राहिले तरी कडक होते.

नक्षी किती उरली, ते मोजा

खाचेच्या तळाशी जागोजागी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आली, की टायर संपला असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ट्रकच्या टायरला कमीत कमी १.६ मिलिमीटर नक्षी हवी. पण पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर तिथपर्यंत वाट पाहू नये. पुढचा टायर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदललेला बरा.

मोजायला यंत्र नको. काडेपेटीतली काडी खाचेत उभी घाला, वर नखाने खूण धरा आणि पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. एकाच ठिकाणी न मोजता मध्ये आणि दोन्ही कडांना मोजा. झीज कशी आहे, त्यावरून दोष कळतो :

• मध्ये जास्त झीज – हवा जास्त.
• दोन्ही कडांना झीज – हवा कमी किंवा माल जास्त.
• एकाच कडेला झीज – चाकांची दिशा बिघडली आहे. अलाइनमेंट करून घ्यावी.
• ठोकळे करवतीसारखे – लग टायर डांबरावर फार पळाला. वेळीच चाकांची अदलाबदल करावी.

हवा आणि जोडचाके

टायर रबराच्या जोरावर माल उचलतो, असे वाटते. खरे म्हणजे माल आतली हवा उचलते. हवा कमी असेल तर भिंत दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि शेवटी थर सुटून टायर फुटतो. कितीही चांगली नक्षी असली तरी तिथे तिचा उपाय चालत नाही.

टॉमी ठोकून आवाजावरून हवा ओळखायची सवय पुष्कळांना आहे. टायर अगदीच बसला असेल तर त्याने कळते, पण वीस-पंचवीस पौंड कमी असतील तर कळत नाही. गेज वापरा. सकाळी, टायर थंड असताना मोजा. पळून तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नका. थंड झाल्यावर तो कमी हवेचा ठरेल.

मागच्या जोडचाकांत दोन्ही टायर सारख्या उंचीचे असावेत. एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी लावली, तर सगळा भार उंच टायरवर येतो आणि बुटका नुसता रस्त्यावर घासत राहतो. जोडी लावण्यापूर्वी दोन्ही टायरांत सारखी हवा भरून दोरीने घेर मोजावा. आतल्या टायरची हवा तपासायला अवघड जाते म्हणून तो राहून जातो, आणि फुटतोही बऱ्याचदा तोच. जोडचाकांमध्ये दगड अडकला असेल तर निघण्यापूर्वी काढावा.

रिमोल्ड करताना

टायर पार गोटा होऊन आतले धागे दिसेपर्यंत पळवला, तर तो रिमोल्डच्या लायक राहत नाही. थोडी नक्षी शिल्लक असतानाच उतरवावा. सांगाडा शाबूत असेल तर नवे रबर चढवून तो पुन्हा चांगला चालतो. या वेळी कोणती नक्षी चढवायची, हे तुम्हालाच ठरवायचे असते. दुकानदार देईल ती घेऊ नका. टायर कोणत्या एक्सलला आणि कोणत्या रस्त्याला लावणार, ते सांगून नक्षी मागा. रिमोल्ड टायर मागेच वापरावा, पुढे कधीही घालू नये.

भाड्याचा ट्रक दारात आला तर

गोणी चढवण्यापूर्वी ट्रकभोवती एक फेरी मारा. पाच मिनिटांचे काम आहे.

१. पुढचे दोन्ही टायर सारखे, रिब नक्षीचे आणि पुरेशी नक्षी असलेले आहेत का?
२. कुठे फुगवटा, चीर किंवा बाहेर आलेली तार दिसते का? दिसली तर तो टायर बदलल्याशिवाय माल भरू नका.
३. जोडचाकांत एक बुटका, एक उंच असे नाही ना?
४. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, आणि तिचे माप तेच आहे का?
५. हवा शेवटची कधी मोजली, हे ड्रायव्हरला विचारा.

हे विचारताना संकोच करू नका, आणि ड्रायव्हरदादांशी तोऱ्याने बोलूही नका. चांगला टायर त्यांनाही हवाच असतो. पुष्कळदा मालकाला सांगूनही त्यांचे ऐकले जात नाही. माल भरणाऱ्यानेच अडून धरले, तर त्यांच्याही बोलण्याला वजन येते. आणि आणखी दहा गोण्या रेटून बसवा, असा आग्रह आपणही करू नये.

थोडक्यात

पुढे रिब. डमीला आणि ट्रेलरला रिब. ओढणाऱ्या एक्सलला रस्ता बघून. टायर निवडताना जास्त किलोमीटर कुठे पडतात ते बघावे. हवा थंड टायरमध्ये, गेजने मोजावी. भार टायरवरच्या आकड्याप्रमाणे भरावा.

बी घेताना आपण पिशवी उलटीपालटी करून वाण, तारीख, उगवण सगळे वाचतो. वर्षाचे पीक ज्या चाकांवर दूरदेशी पाठवायचे, त्या चाकांवरचेही तसेच वाचून घ्यावे. हे पत्रक ट्रकमालकाला आणि ड्रायव्हरलाही वाचायला द्या.

रामराम.